टेपचे पहिले तीन इंच

आमच्या घरात एक, दोन आणि तीन हे इंच नव्हते. इतरांच्या घरी असतील. आमची कापडी टेप तीनच्या रेघेपासून सुरू व्हायची आणि साठावर संपायची. कारण मी. चार-पाच वर्षांचा असताना आईची पाठ वळलेली बघून मी तापलेली इस्त्री टेपच्या टोकावर ठेवली आणि काय होतं ते बघत मांडी घालून बसलो. पितळी टोकासकट पहिले तीन इंच जळाले, घरभर केस जळाल्यासारखा वास सुटला आणि माझ्या पाठीवर आईची पाच बोटं उमटली. मग आईने जळका भाग कातरला, बरोबर तीनच्या रेघेवर बारीक दुमड घातली आणि टेप पुन्हा गळ्यात अडकवली. दुसऱ्या बाजूचे आकडे वापरून वापरून कधीच पुसले गेले होते, त्यामुळे तिकडूनही सोय नव्हती. बाबा म्हणाले, नवी आण. आई म्हणाली, "माप घेता येतंय ना? मग झालं तर. तीन वजा करायचे." ती शिवणकाम करायची, आणि पुढची बारा-तेरा वर्षं तिने बोरीवलीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तीन वजा करून शिवले. "छत्तीस, म्हणजे तेहतीस. पंधरा, म्हणजे बारा." आमच्या घरातला हा जप. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना तो ठाऊक होता. मुलांना नव्हता, कारण मुलांच्या अंगावर एकतर रेडीमेड किंवा मोठ्या भावाचे कपडे.

ही गोष्ट मी आजवर निदान शंभर वेळा सांगितली आहे. लग्नात सांगितली आहे, बारशाला सांगितली आहे, एकदा तर दहाव्याला, जेवणं झाल्यावर. लोक पोट धरून हसतात. पण मी ती टेपपासून सुरू करत नाही. टेप गाळतो आणि माकडापासून सुरू करतो, कारण माकड आलं की माणसं खुर्च्या पुढे ओढतात. आज टेपपासून सुरुवात केली आहे. आता मागे फिरता येणार नाही, म्हणूनच केली आहे.

माकड येऊ दे आता. आम्ही बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला राहायचो. तीन मजली दोन बिल्डिंगा, मध्ये चौक, चौकाच्या टोकाला पाण्याच्या टाकीची खोली. सकाळी दूधवाल्याच्या आधी माकडं यायची. गॅलरीत वाळत घातलेले पापड, कुरडया, एकदा बाबांचा चष्मा, काही म्हणून सुरक्षित नव्हतं. त्या दिवशी एका धटिंगणाने आईने नुकताच शिवलेला मोरपंखी ब्लाउज उचलला आणि टाकीच्या खोलीच्या कठड्यावर जाऊन बसला. एक बाही त्याच्या मुठीत, दुसरी खाली लोंबतेय. ब्लाउज संध्याकाळी हळदीला जायचा होता. आई गॅलरीतून ओरडतेय, बाबा दाढीचा साबण तोंडावर घेऊन "हट् हट्" करतायत, मी खाली दगड शोधतोय. तेवढ्यात मागच्या बैठ्या चाळीतला एक मुलगा बादली घेऊन नळावर आला. त्याने बादली खाली ठेवली, वर बघितलं, गुडघ्यात वाकला आणि उडाला. धावला नाही हं. जागच्या जागी, उभा, वर. आम्हाला वाटलं आता खाली येईल, तर तो वरच. मग हात लांबला, बाही हातात आली, माकड दचकून पळालं आणि मुलगा ब्लाउजसकट खाली उतरला. दुसऱ्या मजल्यावर येऊन म्हणाला, "काकी, हा घ्या. फाटला नाय." आणि बादली भरायला गेला.

हा विजय धुरी. वेंगुर्ल्याकडचं कुटुंब, वडील गिरणीत. माझ्याच वयाचा, सतरा-अठराचा, उंचीने बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. मी त्याचा त्या दिवशी मित्र झालो. खरं सांगायचं तर मित्र नंतर झालो, आधी त्याचा भोंगा झालो. मला लहानपणापासून वाढवून सांगायची खोड. बाबा म्हणायचे, "नंदू दळण आणायला गेला तर पिठाबरोबर चक्कीला लागलेली आगपण घेऊन येतो." विज्याकडे उडी होती आणि जीभ नव्हती. माझ्याकडे नेमकं उलटं. आमची जोडी जमायलाच हवी होती.

त्याच सुमारास रद्दीच्या दुकानात मला एक जुनं इंग्रजी क्रीडा मासिक मिळालं. त्यात अमेरिकेतल्या एका बास्केटबॉलपटूवर चार पानं होती. नाव लिहीत नाही, आम्हाला ते तेव्हा उच्चारताही येत नव्हतं. आम्ही त्याला गगन्या म्हणायचो. फोटोत गगन्याचं डोकं रिंगला लागायच्या बेतात, पाय पसरलेले, खाली दोन धिप्पाड माणसं तोंडं उघडी टाकून बघतायत. त्या लेखातून मला पहिल्यांदा कळलं की उडी मोजतात. भिंतीला चिकटून उभं राहून हात वर करायचा, बोट टेकेल तिथे खूण. मग जागेवरून उडायचं, बोट लागेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर ती माणसाची उडी. उंच माणूस असो की बुटका, उडी त्याची एकट्याची. मी चौकात बसून हा लेख पोरांना वाचून दाखवायचो. लेखात चार पानं होती, माझ्या वाचनात ती चाळीस व्हायची.

"रिंगमागच्या फळ्याच्या वरच्या कडेवर नाणं ठेवतात. हा उडतो आणि उचलून आणतो."

"मग परत ठेवतो का खिशात घालतो?" कोणीतरी विचारायचं.

"वर गेल्यावर ठरवतो. वेळ असतो त्याच्याकडे."

विज्या मात्र हसायचा नाही. मासिक हातात घेऊन गगन्याच्या गुडघ्यांकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "नंद्या, ह्यो वाकतो माझ्यासारखाच."

आमच्याकडे बास्केटबॉल आला तो साठेकाकांमुळे. पहिल्या मजल्यावरचे, ट्रॉम्बेला अणुशक्तीच्या कामावर, तरुणपणी कॉलेजच्या संघात खेळलेले. त्यांनी चौकात खांब उभा केला, फळा बसवला, लोखंडी रिंग वेल्ड करून आणली. दर रविवारी सकाळी ते गळ्यात शिट्टी घालून खाली यायचे. "धुरी, चेंडू बघू नकोस, रिंग बघ. नंदू, तू तोंड बंद ठेव, श्वास वाचेल." महिन्याभरात विज्या उभ्या उडीत रिंगला बोट लावायला लागला. साठेकाका शिट्टी तोंडात तशीच ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "ह्याची उडी मोजायला पाहिजे."

मोजणी मी ताब्यात घेतली. साठेकाकांकडे स्टीलची टेप होती, पण ती मागायला गेलं की आधी तिची जन्मकथा ऐकावी लागे, आणि त्या रविवारी ते कामावर होते. मी आईच्या तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू वाटीत कालवला, रंगाऱ्याची शिडी आणली आणि आईच्या मशीनवरची टेप उचलली. टाकीची भिंत नुकतीच पांढरी केलेली. विज्या भिंतीला चिकटून उभा राहिला, लाल बोट टेकवलं. मग वाकला, उडाला, दुसरं बोट उमटलं. मी शिडीवर चढलो. टेपचं दुमडलेलं टोक विज्याने स्टुलावर उभं राहून खालच्या खुणेवर धरलं, स्वतःच्या हाताने. मी वरच्या खुणेवर आकडा बघितला.

खाली वीस-पंचवीस पोरं. दोन्ही बिल्डिंगांच्या गॅलऱ्यांत माणसं. कोणाच्या हातात भाजीची सुरी, कोणाच्या तोंडात ब्रश. "बोल ना रे, किती?" "ए नंद्या, भाव खाऊ नको." मी थांबलो. थांबावं कुठे आणि किती, हे मला तेव्हाही कळायचं. मग हात पसरून ओरडलो, "छत्तीस!"

काय आवाज उठला! ताटं वाजली, शिट्ट्या झाल्या, पोरांनी विज्याला खांद्यावर घेतलं. त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हतो, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. आकडा छत्तीस दिसला, मी छत्तीस म्हणालो. शिडीवरून टाळ्या ऐकताना घरातला जप कुठे आठवतो?

आठवला तो जेवताना. बाहेरच्या खोलीत आई कोणाचं तरी माप घेत होती. "चाळीस, म्हणजे सदतीस." माझा वरणभाताचा घास हातातच राहिला. थोड्या वेळाने आई आत आली, टेपचं टोक बोटाने घासत. "गेरू कसा लागला रे हिला?"

"विज्याची उडी मोजली."

"तीन वजा केलेस ना?"

"हो," मी म्हणालो आणि ताक मागितलं.

संध्याकाळी सांगून टाकू असं मनाशी ठरवलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या सोसायटीची पोरं भिंत बघायला येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी विज्याचं नाव बदललं होतं. छत्तीसच्या आकड्याला आपल्याकडे चांगलं बोलत नाहीत, पण आमच्या चौकात तो मानाचा झाला. "ए छत्तीस, येतोस का खेळायला?" "छत्तीस आला, वाट लागली आता." नळावरच्या बायकाही म्हणायच्या, छत्तीसला पुढे सोडा गं. माणसाच्या नावातून तीन कसे वजा करायचे? शिवाय हे नाव मी ठेवलेलं. विज्या पूर्वी मान खाली घालून चालायचा, तो आता वर बघून चालायला लागला. मी स्वतःला सांगितलं, कोणाचं काय जातंय.

पुढच्या पावसाळ्याआधीच गिरण्या बंद पडल्या. विज्याचे आबा घरी बसले. मी त्यांच्याकडे पूर्वीसारखाच जात राहिलो, कारण त्याच्या आयेच्या हातचे घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दहा बाय दहाच्या खोलीत चुलीशेजारी बसून मी पोरांच्या, मास्तरांच्या नकला करायचो आणि आये पदराने डोळे पुसून हसायची. "खा रे झिला, बोलान बोलान दमलंस मा?" असं म्हणत आणखी एक घावणा वाढायची. आधी विज्या माझ्या जोडीने जेवायचा. मग तो "मी आत्ताच खाल्लंय" म्हणायला लागला. मी त्याच्या वाटचे घावणेही खाल्ले आणि नकला चालू ठेवल्या. हे मला तेव्हा दिसलं नाही. पन्नाशी उलटल्यावर एका हॉटेलात घावणे मागवले, तेव्हा समोर ताट आल्यावर दिसलं.

अशात साठेकाका एक फॉर्म घेऊन आले. मुलुंडला एका मोठ्या कंपनीचा बास्केटबॉलचा संघ होता. खेळाडूंना नोकरी द्यायचे. कायम नोकरी, पगार, घरच्यांना औषधपाणी. त्यांना चांगली उडी असलेला एक मुलगा हवा होता. विज्याच्या घरात त्या फॉर्मची हळदकुंकू लावून पूजा तेवढी व्हायची राहिली. आबा गिरणी बंद झाल्यापासून पहिल्यांदा दाढी करून आमच्याकडे आले आणि बाबांना म्हणाले, "झिलाचा काम झाला तर सगळा सुटात."

"नंदू, तुझं अक्षर बरं आहे, तू भर," साठेकाका म्हणाले. "पण आकडे मोजून लिही. तिथले साहेब माझ्यासारखेच आहेत. माणूस चुकला तर चालतो त्यांना, आकडा चुकलेला चालत नाही."

"मोजलेलेच आहेत काका."

आमच्या जेवायच्या टेबलावर बसून मी फॉर्म भरला. उंची भरली, वजन भरलं. मग तो चौकोन आला: उभी उडी, इंचांत. माझं पेन थांबलं. आत आईचं मशीन चाललं होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. विज्या शेजारी बसला होता, दोन्ही हात मांडीखाली घालून. "काय रे, लिही ना," तो म्हणाला. "छत्तीस लिही." दोनदा म्हणाला तो, खडीसाखर जिभेवर घोळवावी तसं. मी छत्तीस लिहिलं. तीनवर आणि सहावर छान गोलाई दिली. त्याने खाली सही केली. साठेकाकांनी शिफारस म्हणून त्यांची केली.

मुलुंडला आम्ही दोन बस बदलून गेलो. आयेने डब्यात सात घावणे दिले होते, आणि ह्या वेळी विज्याने माझ्याबरोबर खाल्ले. कंपनीच्या मैदानावर दहा-बारा मुलं होती, सगळी विज्याहून उंच, पायांत पांढरे बूट. विज्याच्या पायांत कॅनव्हासचे, अंगठ्याजवळ माझ्या आईने आतून ठिगळ लावलेले. भिंतीवर काळी फळी उभी केली होती, तिच्यावर इंचाइंचाला पांढऱ्या रेघा. एक मास्तर खडू वाटत होते आणि आकडे पुकारत होते. साहेब टेबलामागे, पुढे फॉर्मांचा गठ्ठा. "सव्वीस. अठ्ठावीस. साडेसत्तावीस. तीस!" तीसवाल्याला टाळ्या मिळाल्या.

विज्याची पाळी आली. त्याने खडू बोटाला लावला, वाकला, उडाला. मास्तरांनी फळी जवळून बघितली, पुन्हा बघितली.

"तेहतीस!"

मैदानावर टाळ्या नाही झाल्या, एक "आईशप्पथ" तेवढं ऐकू आलं. तीसवाला मुलगा पुढे येऊन विज्याच्या पाठीवर थाप मारून गेला. साहेब हसले, विज्याचा फॉर्म वर घेतला, आणि हसू थांबलं.

"पुन्हा उड."

विज्या पुन्हा उडाला. तेहतीस. तिसऱ्यांदा, साडेबत्तीस.

"इथे छत्तीस लिहिलंय," साहेब म्हणाले. "हे कोणी लिहिलं?"

"सही माझी आहे साहेब," विज्या म्हणाला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. बघितलंही नाही. तो आपल्या पायांकडे बघत होता.

आता माझा प्रवेश. कोणी बोलावलं नव्हतं. मी कडेच्या बाकावरून उठून टेबलापाशी गेलो, आवाज खाली आणला आणि चेहरा पाडून म्हणालो, "साहेब, तो बोलणार नाही, स्वभावच तसा आहे. परवा त्याचा डावा पाय मुरगळलाय. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, तरी आला." काय वाक्य होतं! मला स्वतःलाच क्षणभर भरून आलं.

साहेब विज्याकडे वळले. "पाय मुरगळलाय?"

विज्याने मान वर केली. नोकरी, आबांची दाढी, आयेचा डबा, सगळं माझ्या त्या एका वाक्याला टांगलेलं होतं. त्याने नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "पाय बरे आहेत."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तेहतीस लिहिलं असतंस तर आज इथेच घेतला असता तुला. आज उडी वाढवलीस, उद्या हजेरी वाढवशील." मग मास्तरांना म्हणाले, "त्या तीसवाल्याला बोलवा."

मी तोंड उघडायला हवं होतं. साहेब, चूक टेपची आहे, टेप माझी आहे, एवढं एक वाक्य. जन्मभर मी नको तिथे बोललो. बोलायची एकच जागा आली आणि तिथे मी फळीवरच्या रेघा मोजत उभा राहिलो.

परतीच्या बसमध्ये विज्या खिडकीशी बसला होता. पवई गेल्यावर म्हणाला, "सॉरी नंद्या. आज काय झालं कळंना. पाय वर जाईचनात. तुझा शब्द खाली पडला." मी म्हणालो, "जाऊ दे रे, होतं असं." त्याने माझी माफी मागितली आणि मी दिली. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो हरवलेले तीन इंच शोधायला लागला. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी टाकीच्या भिंतीशी उभा राहायचा आणि सिमेंटवरून उडायचा. धप्. धप्. धप्. माझी खाट खिडकीशी होती. मी उशी कानावर घ्यायचो. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "हा मुलगा काय शोधतोय रे भिंतीवर?" भिंतीवर वरच्या खुणेच्या आजूबाजूला लाल बोटांचे ठिपके वाढत गेले, पण सगळे तिच्याच रेषेत. महिनाभर हे चाललं. एकदा गुडघ्याला हळद बांधून माझ्याकडे आला. "एकदा टेप आण ना रे. बोट तर जुन्या खुणेलाच लागतंय. मला वाटतं तिन्ही इंच परत आलेत."

"आईला लागतेय टेप," मी म्हणालो. "घाई आहे तिला."

"बरं. मग रविवारी."

रविवारी मी मामाकडे गेलो.

मग आबांनी ओळखीने त्याला दहिसरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लावलं. खाकी गणवेश लागणार होता. आयेने कापड पाठवलं आणि विज्या माप द्यायला आमच्याकडे आला. मी टेबलाशी अभ्यासाला बसलो होतो. आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "नंदू, लिहून घे." मी वही ओढली. तोंडात टाचण्या धरून ती मापं सांगायला लागली. "कंबर एकतीस, म्हणजे अठ्ठावीस. लांबी बेचाळीस, म्हणजे एकोणचाळीस."

"काकी, म्हणजे काय?" विज्याने विचारलं.

"अरे, ह्या टेपला पहिले तीन इंच नाहीत ना. ह्या नंदूने लहानपणी इस्त्रीने जाळले. वजा करावे लागतात."

"नेहमी?"

"नेहमी. म्हणून तर…"

आई थांबली. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीत टोचल्या. माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघत होतो, तिथे माझ्या चांगल्या अक्षरात एकोणचाळीस लिहिलेलं होतं. विज्याने आईच्या हातातलं टेपचं टोक घेतलं आणि दुमडीवरून अंगठा फिरवला. ज्या अंगठ्याने त्याने ते भिंतीवर धरलं होतं, त्याच. मग खिडकीतून टाकीच्या भिंतीकडे बघितलं.

तो ओरडेल असं मला वाटलं. मारेल, मारू दे, असंही वाटलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी माझे पाय बरोबर होते."

"हो," मी म्हणालो.

"आणि तिथं सगळ्यात वर मीच होतो ना रे?"

"हो."

त्याने मान हलवली. "काकी, दुसऱ्या पायाचं घेताय ना?" आणि पाय पुढे केला.

तो गेल्यावर आईने मशीनवर झाकण ठेवलं. "आत्ता साठ्यांकडे जा. मग त्यांना घेऊन मुलुंडला जा. त्या साहेबांना सांग." मी म्हणालो, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी मी खरंच साठेकाकांच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडलं, "काय रे?" म्हणाले, आणि मी त्यांना कॉलेजातला एक किस्सा सांगितला. ते खूप हसले. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, दुसरा किस्सा सांगितला. तिसऱ्यांदा गेलो नाही. आईने नवी टेप आणली, पिवळी, पितळी टोकाची. जुनी तिने माझ्या टेबलासमोरच्या खिळ्याला टांगली. विज्याचा गणवेश तिने शिवला आणि त्याच्याकडे पोचवायला माझ्याच हातात दिला.

आता उरलेलं. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगा पाडायचं ठरलं. नवे टॉवर येणार. पाडण्याआधी सगळ्या जुन्या रहिवाशांनी चौकात जमायचं असा बेत झाला. मंडप, खुर्च्या, वडे, जिलबी. मला माईक दिला नसता तर मी घेतला असता. मी माकडापासून सुरुवात केली. टेप गाळली. शिडीवर चढलो, थांबलो, हात पसरले आणि ओरडलो, "छत्तीस!" मंडप दणाणला. मुलुंडचं मी नेहमीच सांगत नाही. शिडीवर टाळ्या घेतो आणि उतरतो.

विज्या मागच्या रांगेत होता. त्या कारखान्यातूनच फोरमन म्हणून निवृत्त झालेला, पोट सुटलेलं. चौकाच्या दोन पायऱ्या तो कठड्याला धरून, एकेक पाय टेकवत चढला होता. डॉक्टर म्हणतात गुडघे गेलेत, कारण सांगता येत नाही. मला सांगता येतं. त्याच्या शेजारी त्याचा सात-आठ वर्षांचा नातू. टाळ्या थांबल्यावर त्या पोराने खणखणीत आवाजात विचारलं, "आजोबा, खरंच छत्तीस?"

सगळे मागे वळले. विज्याने जिलबीची बशी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परीक्षेत मागच्या बाकावरचा मित्र जसं बघतो, सांगू का तू सांगतोस, तसं. तो थांबला. मी जितका शिडीवर थांबलो होतो त्याहून जास्त थांबला.

मग म्हणाला, "तेहतीस. वरचे तीन नंदूआजोबांचे."

मंडप पुन्हा हसला. त्यांना तो विनोद वाटला. मीही हसलो, सगळ्यांच्या आधी. माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. पुढे एक बाई गाणार होत्या, त्या खुर्चीतून उठल्या होत्या. मी माईक त्यांच्याकडे दिला.